जुनी इमारत पाडल्यावर निघणाऱ्या राडारोड्यातून नवे बांधकाम : कितपत शक्य, कितपत सुरक्षित?

वाचनवेल

नमस्कार. आमच्या ग्रंथालयाची इमारत आता वापरण्याजोगी राहिलेली नाही. मूळ बांधकाम दगडी पायावर चुन्यात रचलेल्या विटांच्या जाड भिंतींचे आहे आणि मागच्या बाजूला पुढे कधीतरी आरसीसीचा दुमजली भाग जोडलेला आहे. रीतसर तपासणी झाल्यावर दोन्ही भाग उतरवून त्याच जागी नवी इमारत बांधायची, असे कार्यकारिणीने ठरवले. मी कार्यकारिणीवर आहे, परंतु माझे शिक्षण बांधकामाचे नाही, हे आधीच सांगते.

पाडकामाच्या ठेकेदाराने जो प्रस्ताव दिला आहे त्यात याबाबत एकच ओळ आहे : ‘सर्व राडारोडा उचलून जागा साफ करून देणे.’ त्या ओळीशी मी अडखळले. ज्या भिंतींनी इतकी वर्षे पुस्तके सांभाळली, त्या कुठल्यातरी ओढ्याच्या काठी जाऊन पडणार आणि आपण त्याच वेळी नव्या खडीसाठी दुसरा एखादा डोंगर फोडायला सांगणार, हे मनाला पटत नाही. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जुने काँक्रीट फोडून त्याची खडी नव्या स्लॅबमध्ये खरोखर चालते का? विटांचे काय करावे? आणि पाडकाम सुरू होण्यापूर्वी आम्ही नेमके काय ठरवून घ्यायला हवे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गिट्टी

प्रश्न योग्य वेळी विचारलात. बहुतेक लोक तो ढीग पडल्यानंतर विचारतात आणि तोपर्यंत निम्मी उत्तरे हातची गेलेली असतात.

मी काँक्रीटच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. जुने काँक्रीट फोडून केलेली खडी हातात घेऊन पाहिली तर तिचे सगळे गुणदोष डोळ्यांना दिसतात. मध्ये मूळचा काळा टणक दगड असतो आणि त्याला एका बाजूने, कधी सगळीकडून, करड्या रंगाची खरखरीत साल चिकटलेली असते. ही साल म्हणजे जुन्या सिमेंट-वाळूचा मसाला. नुकत्याच फोडलेल्या दगडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो ओघळतो. या सालीवर टाकला तर पाहता पाहता आत जिरतो. नेहमीच्या चांगल्या खडीचे पाणी शोषण सहसा २ टक्क्यांच्या आत असते, तर काँक्रीटपासून केलेल्या खडीचे ३ पासून ८-१० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वजनालाही ती हलकी भरते. पुढच्या बहुतेक अडचणी या एका सालीतून निघतात.

तरीही ती वापरता येते, आणि जगभर वापरली जाते. जपानने तर तिच्या तीन प्रती ठरवून तीन स्वतंत्र मानके केली आहेत. सर्वांत वरच्या प्रतीच्या जाड खडीचे पाणी शोषण ३ टक्क्यांच्या आत हवे, मधल्या प्रतीचे ५ आणि खालच्या प्रतीचे ७ टक्क्यांच्या आत. वरच्या प्रतीची खडी सर्वसाधारण काँक्रीटमध्ये चालते, मधली प्रामुख्याने जमिनीखालच्या आणि वाळण्याचा ताण न येणाऱ्या भागांसाठी आहे, आणि खालची भरावाच्या किंवा समतलीकरणाच्या काँक्रीटसाठी. ‘चालते की नाही’ असा एकच प्रश्न विचारण्याऐवजी ‘कोणती खडी कुठे चालते’ असा विचारला की वाट सापडते.

पाटीघमेलं

पुस्तकी माहितीबद्दल आदर आहे, पण साइटवर काय घडते तेही धाग्यात यायला हवे. मी पंचवीस वर्षे साइटवर आहे. एका कामावर आम्हाला कोबा आणि जिन्याच्या पायथ्यासाठी अशी पुनर्वापराची खडी पुरवण्यात आली होती. मिक्सरमधून माल निघाला तेव्हा पातळ आणि सुरेख होता. पाटीतून वर पोहोचेपर्यंत तो घट्ट झाला. थापीखाली सरकेना म्हणून माणसांनी पाणी ओतले, जे ती नेहमीच करतात. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच मालाचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे, फोडले तेव्हा जे व्हायचे तेच झाले आणि सगळा कोबा उखडावा लागला. म्हणजे राडारोडा वाचवायला गेलो आणि नवा राडारोडा तयार करून बसलो. त्यानंतर मी अशी खडी माझ्या कामावर येऊ दिलेली नाही. जिच्यावर माणसे चालणार, मुले बसणार, तिथे प्रयोग नको.

अनुस्वार

वाचते आहे. पाटीघमेलं यांचा प्रतिसाद वाचून माझेही मत डळमळले.

गिट्टी

पाटीघमेलं, तुम्ही सांगितले ते मी प्रयोगशाळेच्या बाजूने अनेकदा पाहिले आहे आणि तुमचा राग रास्त आहे. मात्र दोष त्या खडीला कोरडी वापरण्याचा आहे. तहानलेली खडी मिक्सरमध्ये गेली की सिमेंटसाठी मोजून घातलेले पाणी ती पिऊन टाकते. मग वरून ओतलेल्या पाण्याला कसलाच हिशेब राहत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो शिस्तीने करावा लागतो. खडीचा ढीग आदल्या दिवशी फवाऱ्याने भिजवून झाकून ठेवायचा, म्हणजे तिची आतली छिद्रे भरतात आणि बाहेरची बाजू फक्त ओलसर राहते. सकाळी ढिगातला नमुना घेऊन ओलावा मोजायचा आणि मिश्रणातले पाणी तेवढे कमी करायचे. दुसरी पद्धत दोन टप्प्यांत कालवण्याची आहे. आधी खडी आणि वाळू कोरडी फिरवून निम्मे पाणी घालायचे, मग सिमेंट घालायचे आणि उरलेले पाणी शेवटी. पहिल्या पाण्याने भिजलेल्या सालीवर सिमेंटचा दाट थर बसतो आणि तिच्या बारीक भेगा काही प्रमाणात भरून निघतात. एवढे करूनही माल घट्ट झाला तर पाण्याऐवजी माल पातळ करणारे रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चर वापरायचे. पाण्याचा पाइप मिक्सरवाल्याच्या हातात मोकळा ठेवायचा नाही, हा नियम तर ताज्या खडीलाही लागू आहे.

ओळंबा

मी संरचना अभियंता आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाच्या नेमक्या भागाकडे, म्हणजे स्लॅबकडे, येतो.

काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने या खडीला प्रथमच दार उघडले, आणि ते किती उघडले हे आकड्यांत सांगितले. शुद्ध काँक्रीट फोडून केलेली खडी सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही फक्त एम २५ प्रतीपर्यंत (एम पुढचा आकडा काँक्रीटची शक्ती सांगतो), आणि एम १५ पेक्षा खालच्या प्रतीच्या पीसीसीत, म्हणजे पायाखाली वगैरे घालतात त्या सळई नसलेल्या कमी शक्तीच्या काँक्रीटमध्ये, १०० टक्के वापरता येते. विटा, फरशा, मसाला अशा मिश्र राडारोड्यापासून केलेली खडी मात्र केवळ त्या शेवटच्या प्रकारात चालते. या मर्यादा घाबरटपणाच्या आहेत असे काहींना वाटते, परंतु त्यामागे कारण आहे. वीसेक टक्क्यांपर्यंत बदल केल्यास दाब सहन करण्याच्या शक्तीत सहसा फारसा फरक पडत नाही. क्यूबच्या आकड्यावरून तो ओळखूही येत नाही. फरक पडतो तो काँक्रीटच्या ताठपणात आणि वाळताना आकसण्यात. जुना मसाला दगडापेक्षा मऊ असल्याने प्रमाण वाढवले की स्लॅब अधिक वाकतो, अधिक आकसतो, बारीक भेगा वाढतात, आणि कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे चालणारे हळूहळू वाकणेही वाढते. ग्रंथालयाच्या स्लॅबवर पुस्तकांच्या कपाटांचे ओझे कायमचे असते आणि ते राहत्या घरापेक्षा खूपच जास्त असते. वाचनवेल, तुमच्या बाबतीत हाच मुद्दा मी सर्वांत वर ठेवेन.

तेव्हा माझा सल्ला असा, की कपाटांखालचे स्लॅब, बीम आणि कॉलम नव्या खडीचे ठेवा. पायाखालचे पीसीसी, फरशीखालचा थर, आवारातील पायवाटा, कुंपणाचा पाया हे सगळे जुन्या काँक्रीटच्या खडीतून करा. एवढ्यातच बरीच खडी खपते.

पाटीघमेलं

हे मान्य आहे. माझा विरोध कॉलम-स्लॅबला होता, पीसीसीला नाही. गिट्टी यांनी सांगितलेली आदल्या दिवशी भिजवून झाकण्याची गोष्ट आम्हाला तेव्हा कोणी सांगितली नव्हती; पुरवठ्याच्या कागदावर फक्त ‘खडी, २० मिमी’ असे लिहिलेले होते.

चाळणी

मी राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पात पाळीचा पर्यवेक्षक आहे. धाग्यात खडीची चर्चा चांगली चालली आहे, पण खडीचा दर्जा आमच्या क्रशरमध्ये, म्हणजे राडारोडा फोडणाऱ्या यंत्रात, ठरतो असा जो समज आहे, तो आधी दूर करतो. दर्जा पाडकामाच्या दिवशी ठरतो. क्रशर जे येते ते बारीक करतो. वाईटाचे चांगले करण्याची विद्या त्याच्याकडे नाही.

आमच्याकडे गाडी काट्यावर वजन करून आत येते आणि माल फरशीवर उलटला जातो. तिथे पहिली नजर माणसाची. मोठे लाकूड, गाद्या, पत्रे, वायरी हाताने किंवा यंत्राच्या पंजाने बाजूला काढतात. मग जाड चाळणीतून माती खाली पडते, उरलेले जबड्यासारख्या दोन पात्यांमध्ये चिरडणाऱ्या जॉ क्रशरमध्ये जाते, वर टांगलेला चुंबक सळईचे तुकडे उचलतो, हवेच्या झोताने प्लास्टिक-कागद उडतात, आणि आमच्यासारख्या ओल्या प्रक्रियेत पाण्याच्या टाकीत लाकूड आणि थर्मोकोल वर तरंगतात. धुतलेली वाळू आणि खडी आकाराप्रमाणे वेगळी होते. पाण्यात उरलेला गाळ दाबून त्याच्या वड्या पाडतात आणि पाणी पुन्हा फिरवतात. हे सगळे ऐकायला छान वाटते. पण ज्या गाडीत स्लॅबचे तुकडे, पीओपीचे छत, रंगवलेला गिलावा, तुटलेली संडासची भांडी आणि पोत्यांतला घरगुती कचरा एकत्र भरलेला असतो, त्या गाडीतून शेवटी भरावाच्या लायकीचाच माल निघतो, मग यंत्र कितीही महागडे असो. त्याउलट, नुसते काँक्रीट घेऊन आलेली गाडी पाहिली की आमच्या पाळीतल्या सगळ्यांचे चेहरे खुलतात.

पीओपीचे नाव मी मुद्दाम घेतले. पीओपी म्हणजे जिप्सम, म्हणजेच सल्फेट. ते खडीत राहिले तर सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी त्याची क्रिया होऊन आत सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि घट्ट झालेले काँक्रीट आतून फुगून तडकते. म्हणून छताचे पीओपी भिंत पाडण्याआधीच काढून वेगळ्या पोत्यांत भरावे. एकदा का ते ढिगात मिसळले की ते निवडून काढणे कोणाच्याही हातचे राहत नाही.

जुनंते

दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहिते. मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते.

वाचनवेल, तुमच्याकडे सर्वांत मोलाची वस्तू मागचे आरसीसी नाही, पुढच्या भिंती आहेत. कारण त्या चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे भिंत वरून खाली थराथराने उतरवली तर वीट अखंड सुटते. एका हातात वीट धरून छिन्नीने किंवा बोथट पात्याने कडेने खरवडले की मसाला खपल्यांनी गळतो आणि विटेची कड जशीच्या तशी राहते. हेच सिमेंटच्या मसाल्यात केले तर मसाल्याऐवजी वीट तुटते, कारण तिथे चिकटवणारा पदार्थ चिकटवलेल्या वस्तूपेक्षा टणक असतो. सिमेंटच्या भिंतीतून अखंड विटा काढणे बहुधा परवडत नाही. चुन्याच्या भिंतीतून न काढणे हे नुकसान आहे.

काढलेल्या विटा सगळ्या सारख्या नसतात. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का पाहावे, भद्द आवाज येणारी बाजूला ठेवावी. पायाजवळच्या ओलसर भागातल्या विटांना लोणा लागलेला असतो. त्या नव्या भिंतीत घातल्या तर क्षार सोबत घेऊन येतात, म्हणून त्या वेगळ्या. काही नमुने २४ तास पाण्यात बुडवून किती पाणी पितात ते मोजावे आणि दाबाची चाचणी करावी. पायाचे दगड तर सरळ जसेच्या तसे नव्या जोत्यात वापरता येतील, त्यांना क्रशर दाखवण्याचीही गरज नाही. एखादी वस्तू चुरा न करता पुन्हा वापरणे हे तिचा चुरा करून नवी वस्तू बनवण्यापेक्षा नेहमीच वरचे आहे, हे या चर्चेत विसरले जाऊ नये.

आणि ज्या विटा तुटतील, त्यांचेही मातेरे करू नका. भाजलेल्या विटेची बारीक पूड म्हणजे सुरखी. ती चुन्यात मिसळली की तिच्यातली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी क्रिया करते आणि पाण्यातही टिकणारा मसाला तयार होतो. रोमन लोक हौदांच्या आणि न्हाणीघरांच्या अस्तरासाठी फुटक्या कौलांची पूड चुन्यात घालत, आणि आपल्याकडच्या जुन्या बांधकामांत चुना-सुरखीची जोडी ठायीठायी सापडते. राडारोड्यापासून बांधकाम साहित्य ही कल्पना नवी नाही, आपण मध्ये ती विसरलो होतो.

ओळंबा

जुनंते यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. सुरखीला योग्य तापमानात भाजलेल्या मातीची पूड लागते. अति भाजलेल्या, काचेसारख्या झालेल्या विटेची पूड फारशी क्रिया करत नाही. शिवाय विटांचे तुकडे खडी म्हणून काँक्रीटमध्ये घालायचे झाल्यास ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते आणि ती चांगल्या अर्थाने नाही. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जो ब्रिकबॅट कोबा घालतात, त्याला मात्र ते उत्तम.

नदीकाठ

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. नदी जेवढी वाळू आणून टाकते त्यापेक्षा जास्त उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, शेजारच्या विहिरींची पातळी उतरते. तेव्हा राडारोड्यातून निघालेली प्रत्येक पाटी खडी ही कुठल्यातरी नदीची किंवा टेकडीची सुटका आहे. दुसरे म्हणजे यामुळे कार्बन उत्सर्जनही मोठ्या प्रमाणावर वाचते. त्यामुळे २० टक्क्यांची मर्यादा मला फारच तोकडी वाटते.

ओळंबा

नदीकाठ, पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, दुसऱ्याशी नाही. काँक्रीटच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा खडीतून येत नाही, तो सिमेंटमधून येतो. चुनखडी भट्टीत भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधन वेगळे धरले तरी एक टन क्लिंकरमागे, म्हणजे दळून सिमेंट करण्याआधीच्या भाजलेल्या गोट्यांमागे, अर्ध्या टनाहून थोडा अधिक. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के मानला जातो. आता पुनर्वापराची खडी शंभर टक्के घातली आणि शक्ती टिकवण्यासाठी घनमीटरमागे थोडे जरी सिमेंट वाढवले, तरी खडीत वाचवलेला कार्बन त्यात जातो. खडी दूरवरून ट्रकने आणली तरीही तेच. म्हणून कार्बनचा हिशेब मांडायचा असेल तर आधी सिमेंटच्या पोत्यांचा आणि किलोमीटरचा मांडावा. टेकड्या, नद्या आणि कचऱ्याच्या जागा वाचतात, हा फायदा खरा आहे आणि तेवढाही पुरेसा आहे. त्याला नसलेल्या फायद्याची जोड देण्याची आवश्यकता नाही.

नदीकाठ

चूक मान्य. मी दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजत होतो. पण मग जुन्या सिमेंटचे काही करता येत नाही का? खडीला चिकटलेली ती साल म्हणजे एकदा भाजलेली चुनखडीच ना?

गिट्टी

फार चांगला प्रश्न, आणि त्यावर अलीकडे खरोखर काम झाले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले, की जुन्या काँक्रीटमधून वेगळी केलेली सिमेंटची पूड, भंगार पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत चुन्याच्या जागी टाकता येते. पोलाद शुद्ध होत असताना वर तरंगणारी मळी झपाट्याने थंड करून दळली की तिच्यापासून पुन्हा क्लिंकर मिळतो. दगडातला कार्बन पहिल्याच वेळी निघून गेलेला असल्याने दुसऱ्यांदा तो सुटत नाही. मात्र यासाठी साल दगडापासून स्वच्छ वेगळी करावी लागते, आणि तेच तर अवघड आहे.

दुसरी वाट उलट दिशेची आहे. फोडलेले काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषते. बंदिस्त जागेत तो वायू मुद्दाम दिला तर सालीच्या छिद्रांत कॅल्शियम कार्बोनेट साठते, ती घट्ट होते आणि खडीचे पाणी शोषण कमी होते.

कुंपण

थोडे कायद्याचे. भारतात २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकाम कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आले. दिवसाला २० टनांहून अधिक किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे वर्गीकरण करून ठेवणे त्यात बंधनकारक केले. त्यापेक्षा लहान कामांनाही राडारोडा रस्त्यावर, नाल्यात टाकण्याची मुभा नव्हती. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात घातक नसलेल्या अशा कचऱ्यापैकी वजनाने ७० टक्के भाग २०२० पर्यंत पुन्हा उपयोगात आणण्याचे लक्ष्य ठेवले. पण त्या ७० टक्क्यांत खड्डे भरणेही धरलेले आहे. आकडा गाठला म्हणजे साहित्याची किंमत राखली गेली, असे नाही.

अनुस्वार

या विषयात युद्धोत्तर जर्मनीचा उल्लेख हवाच. शहरांत मिळून सुमारे ४० कोटी घनमीटर ढिगारा पडलेला होता. हातोडीने विटांचा मसाला काढून त्यांच्या थप्प्या रचणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे आजही अंगावर येतात. सगळा देश त्यांनी उभा केला.

जुनंते

त्या स्त्रियांचे कष्ट खरेच होते, पण अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवले आहे की ढिगाऱ्याचा मोठा भाग यंत्रांनी आणि व्यावसायिक कंपन्यांनी उपसला, आणि स्त्रियांचे ते काम मुख्यतः बर्लिन व सोव्हिएत विभागात झाले. तुमच्या मुद्द्याला त्यामुळे बाध येत नाही. विटांच्या तुकड्यांपासून केलेल्या काँक्रीटसाठी तिथे पुढे स्वतंत्र मानकही झाले, आणि जे वापरता आले नाही त्याची बर्लिनमध्ये टॉयफेल्सबर्ग ही टेकडी झाली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर चीनमधील निंगबो इतिहास संग्रहालय पाहावे. पाडलेल्या खेड्यांतल्या विटा आणि कौले वास्तुविशारद वांग शू यांनी त्याच्या भिंतींत रचली. २००८ मध्ये ते खुले झाले आणि २०१२ मध्ये वांग शू यांना वास्तुकलेतील मानाचे प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

श्वास

मी व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. इतक्या प्रतिसादांत धुळीचा उल्लेख एकदाही आला नाही, याचे वाईट वाटले.

काँक्रीट आणि विटा फोडताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि क्षयरोगाचा धोका वाढवतो. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. फोडण्याच्या जागी सतत पाण्याचा फवारा आणि योग्य प्रतीचा मास्क या दोन्ही गोष्टी कंत्राटात लिहिलेल्या हव्यात, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर त्या दिसत नाहीत. दुसरे म्हणजे जुन्या छपरांवर किंवा पाइपांत अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट असू शकते. ते पत्रे तोडू नयेत, ओले करून प्रशिक्षित माणसांकडून अखंड उतरवावेत, आणि त्यांचा एक तुकडाही क्रशरकडे जाऊ नये. खडीत गेलेले अ‍ॅस्बेस्टॉस दिसत नाही आणि पुन्हा काढता येत नाही. ज्या माणसांच्या हातांनी आपण विटा वाचवणार आहोत, त्यांची फुप्फुसे आधी वाचवली पाहिजेत.

चाळणी

श्वास यांचे शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवे होते. आमच्याकडे पत्र्याचा एक तुकडा सापडला तरी पूर्ण गाडी परत जाते.

वाचनवेल, मागच्या भागाच्या स्लॅबमधून पाडण्याआधीच कोअर, म्हणजे यंत्राने कापलेले दंडगोल नमुने, काढून घ्या. त्यातून जुन्या काँक्रीटची शक्ती, क्लोराइड, सल्फेट आणि खडीचे पाणी शोषण कळते, आणि मग किती माल कशासाठी वापरायचा हे आधी ठरवता येते. आवारात विहीर असेल तर चुरा तिच्याजवळ साठवू नका. पावसात त्यातून झिरपणारे पाणी चांगलेच अल्कधर्मी असते.

वाचनवेल

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तुमचे प्रतिसाद छापून कार्यकारिणीपुढे ठेवले आणि आमच्या अभियंत्यांशी दोनदा बैठक झाली.

‘सर्व राडारोडा उचलून जागा साफ करून देणे’ ही ओळ प्रस्तावातून काढली आहे. तिच्या जागी उतरवण्याचा क्रम लिहिला : प्रथम दारे-खिडक्या, वायरी आणि पाइप, मग पीओपीचे छत, मग मागच्या शेडचे पत्रे, जे तपासणीत अ‍ॅस्बेस्टॉसचे निघाले. त्यांच्यासाठी प्रशिक्षित चमू स्वतंत्रपणे नेमला आहे. त्यानंतर पुढच्या भिंती वरून खाली हातांनी, आणि सर्वांत शेवटी आरसीसी यंत्राने. फवारा आणि मास्क यांच्या अटी स्वतंत्र कलमात आहेत. ठेकेदार सुरुवातीला नाखूश होते, कारण त्यांच्या हिशेबात हे काम चार दिवसांचे होते आणि आता ते पाच आठवड्यांचे झाले आहे. वेळेचा हा प्रश्न खरा आहे आणि त्याचा खर्चही खरा आहे; तो आम्ही नव्या विटा आणि भराव कमी लागण्याच्या हिशेबात धरला.

कोअरच्या चाचण्या आल्या. क्लोराइड आणि सल्फेट मर्यादेत आहेत, आणि फोडलेल्या खडीचे पाणी शोषण ५.२ टक्के आहे. अभियंत्यांनी ओळंबा यांनी सांगितले तेच सांगितले : स्लॅब, बीम, कॉलम नव्या खडीचे, पायाखालचे पीसीसी पूर्णपणे जुन्या खडीचे. दगड जोत्यात जातील. विटा वाचनकक्षाच्या आतल्या बाजूच्या, ओझे न घेणाऱ्या भिंतीत उघड्या दिसतील अशा लावणार आहोत.

काल नमुन्यादाखल भिंतीचा वरचा एक हात भाग उतरवला. जुनंते, तुम्ही लिहिले होते तसाच चुना खपल्यांनी सुटला. शंभर विटांपैकी एकाहत्तर अखंड निघाल्या. एक शंका उरली आहे. काही विटांच्या एका बाजूला तेलरंगाचा जाड थर आहे. तो खरवडून घ्यावा का?

श्वास

कृपया खरवडू नका, विशेषतः कोरडा तर नाहीच. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते आणि खरवडल्यावर ते धुळीत येते. आधी रंगाची शिशासाठी तपासणी करून घ्या आणि तोवर त्या विटा वेगळ्या थप्पीत झाकून ठेवा.

वाचनवेल

धन्यवाद. आज सकाळी त्यांची थप्पी वेगळी करून ताडपत्री घातली आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला. उरलेल्या भिंतीचे काम सोमवारपासून.